पामर स्कारचं लेथ आणि तेरा पायऱ्या

पामर स्कार नावाप्रमाणे पामर असता, तर आम्हा सगळ्यांचं आयुष्य सोपं झालं असतं. पण शहात्तर वर्षांचा, सव्वासहा फूट उंच आणि आपलं कधी चुकत नाही याची पुरेपूर खात्री असलेला माणूस आहे तो. ती खात्री तो बोलून दाखवत नाही. आमच्या खोऱ्यात बोलून कुणीच काही दाखवत नाही. तो नुसती टोपी मागे सरकवतो, की आपण समजून घ्यायचं.

अडतीस वर्षं तो बिटाच्या साखर कारखान्यात टर्नर होता, म्हणजे लेथवर धातू कातणारा. तिथलं लेथ म्हणे ट्रकएवढं लांब. निवृत्त झाला त्याच आठवड्यात त्याने बाकावर मावेल एवढं छोटं लेथ आणून तळघरात ठेवलं, आणि कारखान्याच्या वेळेला, बरोबर सकाळी सात वाजता, डबा घेऊन खाली उतरायला लागला. डबा त्याची बायको आर्डिस भरायची. तेरा पायऱ्या खाली जाणाऱ्या नवऱ्याला डबा बांधून देणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मार्लिस, तो वर जेवायला आला तर बोलत बसावं लागेल ना."

मार्लिस म्हणजे मी. एकतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आणि माझं घर स्कारांच्या मागच्या बोळापलीकडे आहे. मला स्पष्ट बोललेलं आवडतं. म्हणजे चुकीच्या गावात जन्माला आले.

आमच्याकडे उत्तम जेवणाला "काही वाईट नाही" म्हणतात आणि घशाखाली न उतरणाऱ्या पदार्थाला "वेगळंच लागतंय" म्हणतात. पाहुण्याला कॉफी विचारली की तो नको म्हणतो. पुन्हा विचारलं की पुन्हा नको. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणतो, "अगदी ओतूनच ठेवली असेल तर घेतो अर्धा कप." मागायचं असलं तरी तोच नियम. एकदा बोललं ते सहज, दोनदा बोललं ते गप्पांच्या ओघात, तिसऱ्यांदा बोललं तर ते खरं. हा नियम कुणी केला माहीत नाही, पण तो मला कधी भेटला तर मी त्याला कॉफी तिसऱ्यांदा विचारणार नाही.

गावात पामरच्या हातची वस्तू नाही असं घर सापडणार नाही. कुणाच्या शेगडीचं बटण, कुणाच्या गळाची वजनं, माझ्या मागच्या दाराची कडी. पैसे घेत नाही. मग बायका ताट भरभरून गोड वड्या करून नेतात. आर्डिसला गोड वर्ज्य, पामरला गोडाचा कंटाळा, म्हणून ती ताटं बोळ ओलांडून माझ्याकडे येतात. गावाच्या दुरुस्त्यांचा सगळा हिशोब माझ्या कंबरेवर चढला आहे म्हणा ना.

तर दोन वर्षांपूर्वी चर्चच्या मागे म्हाताऱ्यांसाठी बैठी घरं झाली. रविवारच्या कॉफीला आर्डिस म्हणाली, "बरी दिसतात घरं." पामर म्हणाला, "हं." काही महिन्यांनी पुन्हा, चर्चमध्येच, ती म्हणाली, "डोरिस राहायला गेली तिथे. धुण्याचं मशीन स्वयंपाकघरालाच लागून आहे म्हणे. जिना चढायला नको." यावर पामरने कप खाली ठेवला, टोपी मागे सरकवली आणि अकरा साक्षीदारांसमोर जाहीर केलं, "माझं लेथ ज्या दिवशी बंद पडेल, त्या दिवशी सामान बांधू."

सगळे हसले. आर्डिसही हसली. त्या घरांमध्ये धुण्याच्या मशीनपेक्षा जास्त आवाज करणारं काहीही चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आर्डिस तिसऱ्यांदा बोलली नाही. पामरने विषय मिटला असं धरलं. पण शब्द गेला होता, तोही चर्चमध्ये. आमच्याकडे अशी गोष्ट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

यंदा मार्चमध्ये, अंगणात अजून गुडघाभर बर्फ असताना, एका मंगळवारी पामर माझ्या मागच्या दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. वीस मिनिटं तो हवेवर बोलला. बर्फ, वारा, गेल्या वर्षीचा बर्फ, गेल्या वर्षीचा वारा. मी दोनदा कॉफी विचारली, त्याने दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारायच्या ऐवजी मी म्हटलं, "पामर, काय मेलं ते सांग."

"लेथ," तो म्हणाला, आणि खुर्चीत बसला.

चर्चच्या कॉफीच्या बंबाची तोटी गळत होती, तिच्यासाठी तो पितळेचा तुकडा कातत होता. मशीन सावकाश चाललं होतं, आणि एकदम कुणी रेटल्यासारखं आपल्या आपण पूर्ण वेगात पळायला लागलं. त्याने वेगाचं बटण मागे फिरवलं तरी ऐकेना. मग जळका वास आला, आणि सगळं शांत.

"मोटार गेली?"

"मोटार बरी आहे. वेग सांभाळणारं बोर्ड गेलं." पंख्याला रेग्युलेटर असतो ना, तसलंच ते, फक्त जास्त शहाणं आणि जास्त नाजूक. "नवीन मागवलंय. पण मार्लिस, ते जर तुझ्या पत्त्यावर आलं तर..."

"आर्डिसला सांगितलं नाहीस?"

"तिला उगाच त्रास कशाला?"

"तिला त्रास की तुला सामान बांधायला लागेल?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता. कारखान्यात त्याचं बोट कापलं होतं तेव्हाही त्याने ते रुमालात गुंडाळून आधी पाळी संपवली होती. "तिथे जाऊन मी दिवसभर काय करू?" तो म्हणाला. "खिडकीत बसून डोरिसच्या खिडकीकडे बघू?" मला त्याची दया आली. आणि आर्डिस माझी चाळीस वर्षांची मैत्रीण असूनही मी हो म्हटलं. याची लाज मला पुढे वाटायची होती.

पार्सल यायला नऊ दिवस लागणार होते. आता प्रश्न आवाजाचा. स्वयंपाकघर लेथच्या बरोबर वर आहे. सात वाजल्यापासून घरघर ऐकायची आर्डिसला सवय. ती थांबली तर ती विचारणारच. मग या शहाण्याने काय करावं? आर्डिसचा केक फेटायचा जुना बीटर कपाटातून पळवला, फळीला दोरीने आवळून बांधला आणि दिला चालू करून. तो भुणभुणतोय, आणि हा बाजूला बसून डबा खातोय. नऊ दिवस.

शुक्रवारी आर्डिस माझ्याकडे आली. "माझा बीटर दिसेना गं. तुला दिला होता का?"

"छे," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"आणि पामरच्या लेथचा आवाज हल्ली वेगळाच येतोय."

वेगळाच! मी कपाटातून साखर काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली. आर्डिस दाराच्या चौकटीला धरून उठली, मिनिटभर तशीच उभी राहिली, आणि मग निघाली. छत्तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने काढली आहेत. "गुडघा कसा आहे?" मी विचारलं. "काही वाईट नाही," ती म्हणाली. मी या गावच्या बोलण्याचा शब्दकोश घेऊन बसलेली बाई, पण त्या दिवशी मलाही अर्थ लागला नाही.

पार्सल पुढच्या गुरुवारी आलं. पामरच्या तळघराला मागच्या अंगणातूनही वाट आहे, वर लाकडी झाकण, खाली आठ उभ्या पायऱ्या. भर सकाळी दहा वाजता, कोटाखाली पार्सल लपवून, बर्फातून मी त्या झाकणापाशी पोचले. एकाहत्तर वर्षांची विधवा शेजारणीच्या नवऱ्याच्या तळघरात चोरपावलांनी शिरते आहे, हे समोरच्या खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर रविवारच्या कॉफीला वड्यांची गरज पडली नसती.

खाली बीटर इमानेइतबारे भुणभुणत होता. पामरने लेथची वायर काढून ठेवली होती आणि मागचं झाकण उघडता यावं म्हणून बाक भिंतीपासून ओढून आडवा फिरवला होता. एरवी त्याची पाठ जिन्याकडे असते. त्या दिवशी आम्ही दोघं बाकामागे जमिनीवर बसलो होतो, तोंडं जिन्याकडे. माझ्या हातात बॅटरी.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "वायर काढली तरी आत थोडा करंट दडून बसतो. पाच मिनिटं थांबायचं." पाच मिनिटं आम्ही त्या पेटीकडे बघत बसलो. मग त्याने जुनं बोर्ड बाहेर काढलं. एका कोपऱ्यात काळा डाग, आणि त्या डागावर पितळेच्या किसाचं एक नाजूक वेटोळं बसलेलं.

"हे आत कसं शिरलं?"

पामर चिमट्याने तो कीस उचलायला लागला.

"पामर, इथे पत्र्याची झडप असायला हवी ना? स्क्रूची भोकं दिसतायत."

"उन्हाळ्यात काढली होती. हवा लागावी म्हणून."

"कुणी?"

त्याने टोपी पुढे ओढली. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

पण हात त्याचे अजून सोन्याचे आहेत, हे मला कबूल. प्रत्येक वायरीला त्याने आधी कागदी पट्टी चिकटवली, पट्टीवर नंबर घातला, आणि तसंच चित्र माझ्याच एका जुन्या पाकिटावर काढलं. मोटारीच्या दोन जाड वायरी, मुख्य विजेच्या दोन, वेगाच्या बटणाच्या तीन बारीक. नव्या बोर्डावर दोन जागा उलट्यापालट्या होत्या, ते त्याने डोळे बारीक करून हेरलं. झडपसुद्धा शोधून परत बसवली. अर्ध्या तासात काम झालं. त्याने वायर जोडली, हिरवं बटण दाबलं.

काही नाही. हूं नाही की चूं नाही. बीटर तेवढा भुणभुणत होता.

फ्यूज पाहिला, ठीक. मीटर लावून पाहिलं, वीज येत होती. मोटारीचे कार्बन काढून पाहिले, ठीक. पामरच्या कपाळावर घाम आला. पार्सलमध्ये एक घडीचा कागद होता तो मी उलगडायला लागले. "ठेव तो," तो म्हणाला. "कागद वाचून मशीन चालवणारे वेगळे."

"हो ना. त्यांची चालतात."

तो फणकाऱ्याने काहीतरी बोलणार, एवढ्यात वरचं दार उघडलं.

मी बॅटरी विझवली. आम्ही दोघं बाकामागे खाली वाकलो, चोरी पकडली जाणार म्हणून श्वास रोखून. बाकाच्या पायांमधल्या फटीतून जिना दिसत होता. आर्डिस वरच्या पायरीवर आली. तिने दाराशी क्षणभर थांबून बीटरची भुणभुण ऐकली. मग कपड्यांची टोपली खाली ठेवली, आणि बसली.

पायरीवर बसली. टोपली मांडीवर घेतली. चांगला पाय खालच्या पायरीवर टेकवला, दोन्ही हात मागे रोवले, आणि लहान मूल उतरतं तसं बसल्या बसल्या एक पायरी सरकली. मग दुसरी. प्रत्येक पायरीला ओठ घट्ट आवळून. सातव्या पायरीवर ती थांबली, डोळे मिटले, गुडघ्यावर हात ठेवला. मग पुन्हा निघाली. तिचं सगळं लक्ष पायऱ्यांवर होतं. खाली आल्यावर कठड्याला धरून उभी राहिली आणि कोपऱ्यापलीकडे धुण्याच्या मशीनकडे गेली. कपडे टाकल्याचा आवाज आला. वर जाताना ती रांगत गेली, दोन हात, दोन गुडघे, आणि दुखरा गुडघा टेकला की तोंडातून एक बारीक आवाज निघायचा. तेरा वेळा निघाला असेल. मी सातच मोजले. पुढचे मला ऐकवेनात.

दार बंद झालं. पामर जमिनीवर तसाच बसून होता.

"माझी पाठ असते तिकडे," तो म्हणाला.

मी बॅटरी पुन्हा पेटवली.

"लेथ चालू असलं की मी मागे बघत नाही. बघायचंच नसतं, हात जातो." मग म्हणाला, "म्हणून ती लेथ चालू असतानाच उतरते."

"हो."

"पण ती दोनदाच म्हणाली होती, मार्लिस. तिसऱ्यांदा म्हणाली असती तर..."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी कुजबुजत ओरडले. कुजबुजत ओरडता येतं, मी त्या दिवशी शिकले. "अरे मेल्या, तिसऱ्यांदा तिचा गुडघा बोलतोय! रोज बोलतोय! तेरा पायऱ्या उतरताना आणि तेरा चढताना! आणखी काय चर्चची घंटा वाजवून सांगायला हवं होतं?" हे बोलताना मला रडू आलं, कारण मीही दाराच्या चौकटीला धरून उठलेली आर्डिस पाहिली होती आणि साखर काढत बसले होते.

पामरने बीटर बंद केला. बराच वेळ फळीवरची दोरी सोडत बसला. मग म्हणाला, "वाच तो कागद."

मी वाचला. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: सुरू करण्यापूर्वी वेगाचं बटण शून्यावर आणावं, नाहीतर यंत्र सुरू होणार नाही. जुन्या बोर्डालाही हीच अट होती. दर वेळी शून्यापासून सुरुवात करायचा कंटाळा येतो म्हणून पामरने ती तार जोडून निकालात काढली होती, त्याला सोळा वर्षं झाली. नवं बोर्ड ऐकून घेणारं नव्हतं.

त्याने बटण उलटं फिरवत शून्यावर आणलं. टिक् असा आवाज झाला. हिरवं दाबलं, बटण हळूहळू पुढे नेलं, आणि लेथ चालायला लागलं. असं गोड चालायला लागलं की काय सांगू. पामर त्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याने तोटीचा उरलेला पितळी तुकडा लावला, पाच मिनिटांत कातून पुरा केला, बोटाने पुसून खिशात टाकला. मग मशीन बंद केलं.

"चल वर," मला म्हणाला. "साक्षीदार लागेल."

तो पुढे, मी मागे. आर्डिस टेबलाशी बटाटे सोलत होती. तळघरातून आधी नवरा आणि मागून मी निघालेली बघून तिची सुरी थांबली. "तू कधी उतरलीस गं?"

"ते राहू दे," पामर म्हणाला. टोपी हातात घेतली. "आर्डिस, लेथ गेलं. कायमचं."

आर्डिसने त्याच्याकडे बघितलं. "आत्ता तर चालत होतं. टेबल हललं ना माझं. आठवडाभर काहीतरी बिघडलं होतं हे मला कळत होतं, पण आज चांगलं चालतंय."

"शेवटची धुगधुगी होती."

"पामर, तुला खोटं बोलता येत नाही. लग्नाआधीही येत नव्हतं."

पामर माझ्याकडे बघायला लागला. साक्षीदाराने छताकडे पाहिलं. मग या माणसाने, ज्याने उभ्या आयुष्यात हवेपलीकडे कशावरही सरळ वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं, खुर्ची ओढली आणि बायकोच्या समोर बसला.

"चालतंय ते," तो म्हणाला. "पण मी तुला जिन्यात बघितलं."

बटाटा तिच्या हातातून सुटून टेबलावरून घरंगळत गेला. तो कुणी उचलला नाही. "कधीपासून बघतोयस?"

"आजच."

"मी दीड वर्षं उतरतेय तशी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू किती खुशीत असतोस खाली. आणि लेथ बंद पडलं म्हणून तुला तिथून उठवायचं, ते माझ्याने झालं नसतं."

"ते बंद पडलंच नाही. मी बंद केलं. जाऊ या आपण तिकडे."

"नको," आर्डिस म्हणाली. "तुझं काय होईल तिथे?"

"जाऊ या."

"नको रे. होतंय माझं."

मी तिथे उभी, हाताच्या मुठी आवळलेल्या. आता हा हं म्हणून खाली गेला तर बोर्डाचा डबा याच्याच डोक्यात घालायचा असं मी ठरवलं होतं. पामरने टेबलावरून हात पुढे केला आणि तिचा बटाट्याने ओला झालेला हात धरला.

"मी लेथ कुठेही लावीन, आर्डिस. तुला त्या जिन्यात मी पुन्हा बसू देणार नाही."

ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "एखादं रिकामं असलंच तर बघून येऊ."

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर ते त्या बैठ्या घरांपैकी एकात राहायला गेले. लेथ माझ्या गॅरेजात आलं. पामरचा डबा आता मी भरते, का ते मला विचारू नका, आणि माझ्या सपातांत रोज लोखंडाचा कीस सापडतो. गावाच्या तोट्या, कड्या, बटणं सगळी माझ्या दारावरून जातात, आणि चर्चमध्ये पामरच्या शब्दाची थट्टा अजून चालू आहे. लेथ चालू, तरी सामान बांधलं! तो त्यावर टोपीला हातही लावत नाही.

पण ते गेले त्या पहिल्या दिवशी मी केक घेऊन त्यांच्याकडे गेले होते. आर्डिसने सकाळपासून चौथ्यांदा मशीन लावलं होतं. मळकं काही उरलं नव्हतं, म्हणून धुतलेले पडदे पुन्हा धूत होती. ओल्या पडद्यांची टोपली घेऊन ती मशीनपासून दारापर्यंत सपाट जमिनीवरून चालत गेली, लंगडत, पण उभी. पामरने स्वयंपाकघरातली खुर्ची वळवून घेतली होती. हातात काही नाही, काम काही नाही. नुसता तिच्याकडे तोंड करून बसला होता, आणि ती एकेक पाऊल टाकेल तसतसा बघत होता.